गोल्फ आणि आत्मविश्वास

आज मी आपल्याशी गोल्फ या खेळाविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काही जण हसले असतील. 'गोल्फ आणि आम्ही? अहो, तो क्लबातल्या बड्या मंडळींचा खेळ. त्याचे आम्हांला काय?' असे कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे अगदीच चूक नाही. या खेळाला शंभर एकरांवर जमीन लागते, महागडे साहित्य लागते, शिवाय हाताशी मोकळा वेळ लागतो. चेंबूरला, पुण्याला, नाशिकला गोल्फची मैदाने आहेत खरी, पण आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली असतील तर कुंपणाबाहेरूनच.

मग हा विषय कशासाठी? तर त्याचे कारण असे. आत्मविश्वास म्हणजे काय, तो कशाने येतो आणि कशाने जातो, हे जितके उघडपणे या खेळात दिसते तितके दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच दिसत असेल. आणि आत्मविश्वास हा विषय तर आपल्या सर्वांचाच आहे. वर्गात फळ्याजवळ उभा राहिलेला मुलगा, ग्रामसभेत पहिल्यांदाच बोलायला उठलेली बाई, तालुक्याच्या गावी मुलाखतीला गेलेला तरुण, या सगळ्यांना तो हवा असतो. तेव्हा हा परका खेळ थोडा वेळ आपण आपला मानू या.

आधी खेळ कसा असतो ते सांगतो. आपण गोट्या खेळताना जमिनीत गल खणतो ना, तशी एक गल असते. ती साधारण तांब्याच्या तोंडाएवढी, म्हणजे सव्वाचार इंच रुंद असते. तिच्याभोवती अगदी बारीक कापलेली हिरवळ असते. या गलीपासून दोनशे, तीनशे, कधी पाचशे मीटर दूर उभे राहायचे आणि काठीने फटके मारीत मारीत एक छोटासा चेंडू त्या गलीत घालायचा. अशा अठरा गली असतात. सगळे अंतर सहा किलोमीटरांच्या आसपास भरते. ज्याने सर्वांत कमी फटक्यांत अठराही गली पुऱ्या केल्या, तो जिंकला. संपला खेळ.

ऐकायला सोपे वाटते. पण यात एक गंमत आहे. विटीदांडूत विटी उडत असते, क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येत असतो, हुतूतूत समोरचा गडी पाय ओढायला टपलेला असतो. तिथे विचार करायला सवड नसते. गोल्फमध्ये मात्र चेंडू जमिनीवर शांतपणे पडलेला असतो. त्याला कुणी हलवीत नाही. प्रतिस्पर्धी आपल्याला अडवीत नाही, आपल्या फटक्याला हात लावीत नाही. अडवायला कुणी नाही, घाई करायला कुणी नाही; आणि म्हणूनच हा खेळ अवघड आहे.

थोडा हिशेब करून पाहा. चांगला खेळाडू अठरा गली सुमारे सत्तर फटक्यांत पुऱ्या करतो. एक फटका मारायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. म्हणजे सत्तर फटक्यांना फार तर अडीच मिनिटे. पण सबंध खेळाला चार तासांहून अधिक वेळ जातो. या चार तासांत अडीच मिनिटे तो खेळतो आणि उरलेला सारा वेळ चालतो. चालताना मन स्वस्थ बसत नाही. 'मघाचा फटका कसा चुकला? पुढचाही चुकला तर? लोक काय म्हणतील?' चेंडू स्थिर आहे, पण मन हलते आहे. खरा सामना इथे चालू असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अडीचशे मीटर लांब मारलेला जोरदार फटका हिशेबात एकच धरतात, आणि गलीपासून दोन हातांवरून चेंडूला दिलेला हलकासा ढकलाही एकच धरतात. या शेवटच्या ढकल्याला पट म्हणतात. त्याला ताकद लागत नाही. दहा वर्षांचे पोरही तो मारील. आणि तरीही मोठमोठ्या खेळाडूंचे हात थरथरतात ते या पटच्या वेळीच.

असे का व्हावे? आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. डोक्यावर एकावर एक दोन हंडे घेऊन विहिरीवरून येणारी बाई आपण पाहिली आहे. ती शेजारणीशी बोलत असते, कडेवरचे मूल सावरीत असते, वाटेतला दगड चुकवते, आणि हंड्यातले पाणी हिंदकळत नाही. तिची मान तोल सांभाळते आहे. पण समजा, कुणी वाटेत उभे राहून म्हटले, 'बाई, मान नेमकी कशी धरता ते जरा बघून चाला हं. आणि हंडा पडला तर सगळा गाव हसेल.' मग काय होईल? तिचे लक्ष मानेकडे जाईल, मान ताठेल आणि पाणी सांडेल. सवयीने होणाऱ्या कामात भीतीपोटी लक्ष घातले की ते काम बिघडते. भाकरी थापणाऱ्या हातांचेही तसेच, आणि सुईत दोरा ओवणाऱ्या बोटांचेही तसेच.

गोल्फमध्ये या दुखण्याला नावच आहे. त्याला यिप्स म्हणतात. चेंडू दोन हातांवर, गल समोर, आणि ऐन वेळी मनगटाला झटका बसतो. चेंडू भलतीकडेच जातो. डॉक्टरांनी याचा अभ्यास केला आहे. काही जणांत हा मज्जातंतूंचा विकार असतो, काहींत मनावरच्या ताणाचा परिणाम असतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. तेव्हा ज्याचा हात थरथरतो त्याला 'भित्रा' म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग होईल.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. आत्मविश्वास म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी, की 'मी जिंकणारच, माझा फटका चुकणारच नाही' असे वाटणे म्हणजे आत्मविश्वास. ही समजूत तपासून पाहायला गोल्फमध्ये चांगली सोय आहे, कारण अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत प्रत्येक फटक्याचे अंतर यंत्राने मोजून ठेवतात. ते आकडे काय सांगतात? तीन फुटांवरून हे खेळाडू शंभरांतले सुमारे शहाण्णव पट गलीत घालतात. अंतर आठ फूट झाले की शंभरांतले निम्मेच पडतात. आणि वीस फुटांवरून पंधराच्या आसपास. हे जगातले निवडक खेळाडू बरे का! रोज तासन् तास हेच करणारे. आणि आठ फुटांवरून, म्हणजे आपल्या ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या अंतरावरून, त्यांचे दोनांतले एक चुकते.

मग अशा माणसाने आठ फुटांवर उभे राहून 'चेंडू पडणारच' असे मनाला बजावले, तर तो स्वतःशी खोटे बोलतो आहे. मनाला खोटे कळते. दोनदा चुकले की ते खोटे उघडे पडते आणि सगळे अवसान गळते. म्हणून चेंडू गलीत जाईलच अशी खात्री म्हणजे आत्मविश्वास नव्हे. आपण नीट पाहिले आहे, दिशा ठरवली आहे, आता आपला हात शिकलेले काम शिकल्याप्रमाणे करील, ही खात्री म्हणजे आत्मविश्वास. एक फळाची खात्री, दुसरी हाताची खात्री. शेतकरी मंडळींना हा फरक मी काय समजावणार? पाऊस किती पडेल याची खात्री कुणालाच नसते. पण बी निवडलेले आहे, वाफसा पाहिला आहे, पाभरीवर मूठ बरोबर चालते आहे, ही खात्री असते, आणि तिच्या जोरावर पेरणी होते.

ही हाताची खात्री येते कुठून? ती बाजारात मिळत नाही आणि जन्मतःही मिळत नाही. ती चार गोष्टींनी येते. एकेक पाहू.

पहिली गोष्ट सराव. पण सराव कसा, याला महत्त्व आहे. अमेरिकेच्या फिल मिकलसन या नामवंत खेळाडूची सरावाची एक पद्धत प्रसिद्ध आहे. तो गलीभोवती तीन फुटांवर गोलाकार चेंडू मांडायचा आणि एकामागून एक गलीत घालायचा. सलग शंभर पडले पाहिजेत. मध्ये एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आता पाहा, तो वीस फुटांवर उभा राहून सराव करीत नाही, तीन फुटांवर करतो. का? कारण तिथे चेंडू पडतो. पडल्याचा आवाज कानांना ऐकू येतो. शंभर वेळा तो आवाज ऐकलेल्या माणसाच्या हाताला सामन्याच्या दिवशी 'तुला येते' असे सांगावे लागत नाही. आधी जवळचे, नक्की जमेल असे. मग एक पाऊल मागे. मग आणखी एक पाऊल. खात्री अशी मुठीमुठीने साठते.

इथे कुणी विचारील, की ज्याच्याजवळ मैदान नाही, काठी नाही, त्याने सराव कुठे करावा? त्याचे उत्तर या खेळाच्या इतिहासातच आहे. अमेरिकेत बोस्टनजवळ ब्रुकलाइन येथे एक प्रतिष्ठित क्लब आहे. त्याच्या समोर रस्त्यापलीकडे एका माळ्याचे घर होते. फ्रान्सिस विमेट हा त्या माळ्याचा मुलगा. शाळेला जाताना तो मैदान ओलांडून जाई आणि गवतात हरवलेले चेंडू गोळा करी. पुढे तो तिथेच कॅडी झाला. कॅडी म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या. घरामागच्या गायरानात भावाने तीन गली केल्या होत्या, तिथे हा मुलगा खेळत राही. १९१३ साली त्याच क्लबात अमेरिकेची खुली स्पर्धा झाली. इंग्लंडहून हॅरी वॉर्डन आणि टेड रे हे त्या काळचे दिग्गज आले होते. वीस वर्षांचा, हौशी, कुणाला फारसा ठाऊक नसलेला विमेट त्या दोघांच्या बरोबरीला आला. दुसऱ्या दिवशी तिघांचा निर्णायक सामना झाला. विमेटची पिशवी वाहत होता एडी लोअरी नावाचा दहा वर्षांचा मुलगा. विमेटने बहात्तर फटके घेतले, वॉर्डनने सत्त्याहत्तर आणि रेने अठ्ठ्याहत्तर.

लोक याला चमत्कार म्हणतात. पण विचार करा. ते मैदान वॉर्डनला नवीन होते. या मुलाने मात्र त्यावर ओझी वाहिली होती, दव पडलेले असताना आणि ऊन तापलेले असताना तिथली जमीन पायांखाली घातली होती. त्याची खात्री पायांतून आलेली होती. आपल्याकडेही असे घडले आहे. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर याने १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा त्याच मैदानावर जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. आणि तो योगायोग नव्हता हे त्याने १९९३ साली ती पुन्हा जिंकून दाखविले. तेव्हा आत्मविश्वास ही इस्त्रीच्या कपड्यांबरोबर येणारी वस्तू आहे, असे कुणी समजू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले माप आपल्याला ठाऊक असणे. बंगळूरची अदिती अशोक ही खेळाडू टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळली. ते ऑलिंपिक २०२१ साली झाले. त्या वेळी जागतिक क्रमवारीत तिचे स्थान दोनशेच्या आसपास होते. त्याच वर्षी तिला कोविडचा आजार होऊन गेला होता आणि तिचा लांब फटका आधीच इतरांपेक्षा आखूड, तो आणखी आखूड झाला होता. तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुलींचे चेंडू तिच्या पुष्कळ पुढे पडत. तिने काय केले? ताकद लावून त्यांच्याइतके लांब मारण्याचा हट्ट धरला नाही. आपले बळ पटमध्ये आहे हे तिला ठाऊक होते. ती मागे राही, पण गलीजवळ आली की चुकत नसे. चार दिवसांत २६९ फटके घेऊन ती चौथी आली. अवघ्या एका फटक्याने पदक हुकले. त्या दिवशी सकाळी भारतात गोल्फचे नियमही ठाऊक नसलेली माणसे टेलिव्हिजनसमोर बसली होती.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. १९९९ साली स्कॉटलंडमध्ये कार्नूस्टी येथे ब्रिटनची खुली स्पर्धा होती. फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्द शेवटच्या गलीशी आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. ती गल त्याने सहा फटक्यांत पुरी केली असती तरी तो जिंकला असता. छोटे छोटे, सरळ फटके मारून ते सहज साधले असते. पण त्याने सर्वांत लांब फटक्याची काठी उचलली. चेंडू भरकटला. पुढचा फटका प्रेक्षकांच्या गॅलरीवर आदळून मागे उंच गवतात आला, तिथून ओढ्यात गेला. बूटमोजे काढून हा गृहस्थ ओढ्याच्या पाण्यात उतरून उभा राहिला! अखेर सात फटके लागले, सामना बरोबरीत गेला आणि पुढे तो हरला. त्याच्याजवळ हिंमत नव्हती असे नाही. सातवा पट त्याने मोठ्या शांतपणे गलीत घातला, हेही सांगितले पाहिजे. पण हाताशी काय आहे आणि गरज किती आहे, याचा हिशेब न करता उचललेली हिंमत अशी ओढ्यात नेऊन सोडते. आत्मविश्वास आणि फाजील आत्मविश्वास यांत फरक आहे तो एवढाच, की एकाने आपले माप घेतलेले असते आणि दुसऱ्याने नसते.

तिसरी गोष्ट, ठरावीक रीत. चांगला गोल्फपटू प्रत्येक फटक्यापूर्वी तेच ते करतो. चेंडूच्या मागे उभा राहतो, दिशा पाहतो, एकदोनदा काठी हवेत फिरवून पाहतो, पुढे येतो, पाय रोवतो, आणि मारतो. सामना हलका असो की अटीतटीचा, या रीतीत बदल नाही. पाहणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटते. पण तिचा उपयोग मोठा आहे. भीती वाटू लागली की मन पुढच्या फळाकडे किंवा मागच्या चुकीकडे धाव घेते. रीत त्याला धरून आणते आणि सांगते, 'आता एवढेच काम आहे.' गाडीला बैल जुंपताना गाडीवान नेहमीच्याच क्रमाने सापती, जू आणि वेसण पाहून घेतो. घाई असली तरी तो क्रम मोडीत नाही. त्यातलाच हा प्रकार.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. चुकल्यावर काय करायचे? कारण चूक होणारच. आठ फुटांचा हिशेब आपण पाहिलाच आहे.

जर्मनीचा बर्नहार्ड लांगर हा गवंड्याचा मुलगा. तोही लहानपणी कॅडी होता. मघाशी सांगितलेले यिप्सचे दुखणे या माणसाला आयुष्यात एकदा नव्हे, अनेकदा झाले. प्रत्येक वेळी त्याने काठी धरण्याची नवी तऱ्हा शोधली. कधी उजव्या हाताच्या जागी डावा धरला, कधी एका हाताने काठी दुसऱ्या हाताच्या कोपरापाशी दाबून धरली, कधी छातीपर्यंत पोहोचणारी लांब काठी घेतली. लोक हसले. त्याने हसू दिले. १९९१ साली युरोप विरुद्ध अमेरिका असा रायडर चषकाचा सामना होता. सगळा सामना शेवटी लांगरच्या एका पटवर येऊन ठेपला. अंतर सहा फूट. चेंडू पडला असता तर चषक युरोपकडे राहिला असता. तो पडला नाही. साऱ्या युरोपची निराशा या एका माणसाच्या खांद्यावर आली. आणि पुढच्याच आठवड्यात तो काय करीत होता? आपल्या देशातल्या स्पर्धेत खेळत होता. ती त्याने जिंकली. १९९३ साली त्याने अमेरिकेतली मास्टर्स ही मानाची स्पर्धा दुसऱ्यांदा जिंकली, आणि २०२४ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ज्येष्ठ खेळाडूंच्या स्पर्धेत तो पुन्हा पहिला आला. सहा फुटांवरून चुकलेल्या पटने त्याला 'तुला येत नाही' असे सांगितले नाही, कारण त्याने ते ऐकून घेतले नाही. त्याने फक्त 'हा एक चुकला' एवढेच ऐकले.

दुसरे उदाहरण उत्तर आयर्लंडच्या रोरी मॅक्लरॉय याचे. त्याचे वडील आणि आई यांनी दिवसाची-रात्रीची कामे करून त्याच्या खेळाचा खर्च भागविला. २०११ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी तो चार फटक्यांनी पुढे होता. त्या दिवशी त्याचा खेळ पार कोसळला. ऐंशी फटके लागले आणि पहिला असलेला पंधराव्या स्थानावर गेला. साऱ्या जगाने ते पाहिले. दोनच महिन्यांनी त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली. पण मास्टर्स काही हाती लागेना. वर्षांमागून वर्षे गेली. २०२४ साली दुसऱ्या एका मोठ्या स्पर्धेत शेवटच्या काही गलींत दोन अगदी जवळचे पट चुकून ती एका फटक्याने हातची गेली.

मग आले २०२५ साल. मास्टर्सचा शेवटचा दिवस. पहिल्याच गलीवर नेमल्यापेक्षा दोन फटके जादा लागले आणि आघाडी गेली. ती परत मिळविली, तर तेराव्या गलीवर अगदी सोपा वाटणारा चेंडू पाण्यात घातला. शेवटच्या गलीवर जवळचा पट चुकला आणि सामना बरोबरीत गेला. एखादा म्हणाला असता, 'माझ्या नशिबातच नाही.' पण निर्णायक सामन्यात हाच माणूस, त्याच गलीवर, चेंडू गलीजवळ नेऊन ठेवतो, तो जवळचा पट घालतो आणि जिंकतो. चौदा वर्षांनी! त्या स्पर्धेच्या चार दिवसांत चार वेळा त्याला नेमल्यापेक्षा दोन-दोन फटके जादा लागले होते. इतक्या वेळा अशी चूक करून ती स्पर्धा त्यापूर्वी कुणीच जिंकली नव्हती. म्हणजे ज्याच्या हातून चुका झाल्या नाहीत तो जिंकला, असे नाही. चूक मागे ठेवून जो पुढच्या फटक्याशी पोहोचला, तो जिंकला.

आता हे सगळे घेऊन आपण शाळेत जाऊ. कारण गोल्फच्या मैदानापेक्षा जास्त हात आपल्या शाळांतून थरथरत असतात.

गुरुजी, बाई, आपल्या वर्गात एक मुलगा असतो. पाटीवर गणित बरोबर सोडवतो आणि फळ्यापाशी बोलावले की खडू हातात धरून गप्प उभा राहतो. मागून कुणी खुदकन हसते. आपण म्हणतो, 'अरे, आत्मविश्वास ठेव.' त्याला ते कसे ठेवायचे हे कळत नाही, आणि आपणही ते सांगितलेले नसते. त्या क्षणी तो मुलगा गणिताकडे पाहत नसतो, स्वतःकडे पाहत असतो. हंडेवालीने मानेकडे पाहावे तसा.

त्याला आधी तीन फुटांवरचे द्या. नक्की सुटेल असे गणित फळ्यावर सोडवू द्या. खडूचा आवाज त्याच्या कानांना ओळखीचा होऊ द्या. मग एक पाऊल मागे, जरा कठीण. त्याला एक रीत लावून द्या. दोनदा वाचायचे, काय दिले आहे ते लिहायचे, काय विचारले आहे त्याखाली रेघ मारायची, मग हात घालायचा. परीक्षेच्या खोलीत आपण त्याच्याजवळ नसाल, पण ती रीत असेल. त्याचे माप त्याला कळू द्या. 'तू फार हुशार आहेस' ही पोकळ शाबासकी चेंडूला ओढ्यात नेते. 'तुझे भागाकार पक्के आहेत, अपूर्णांक अजून कच्चे आहेत' हे सांगणे त्याच्या खरे उपयोगी पडते. आणि तो चुकला, तर त्या चुकीवर तास संपवू नका. लांगरला पुढच्या आठवड्यात दुसरी स्पर्धा होती. आपल्या मुलाला त्याच तासात दुसरे गणित मिळाले पाहिजे.

एवढेच नव्हे, तर वर्गातले हसणे थांबविणे हेही आपल्याकडेच आहे. गोल्फच्या मैदानावर हजारो प्रेक्षक असतात, पण खेळाडू चेंडूशी उभा राहिला की सगळे चिडीचूप होतात. प्रतिस्पर्धीसुद्धा स्तब्ध उभा राहतो. तो त्या खेळाचा शिष्टाचारच आहे. आपल्या वर्गात एखादे मूल फळ्यापाशी उभे राहिले असता बाकीच्या मुलांना एवढा शिष्टाचार शिकविता आला, तर त्याला ना मैदान लागेल, ना पैसा.

आईबापांनाही एक विनंती. मूल नापास झाले, शर्यतीत मागे राहिले, नोकरीच्या मुलाखतीतून परत आले, की 'तुला जमायचंच नाही' हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघते. आपण रागाने बोलतो आणि विसरतो, पण ते वाक्य मुलाच्या बरोबर पुढच्या प्रत्येक फटक्यापर्यंत चालत जाते. त्याऐवजी विचारा, 'काय चुकलं? पुढं काय करायचं?' पहिले वाक्य माणसावर शिक्का मारते, दुसरे फटक्याविषयी बोलते.

तेव्हा श्रोतेहो, गोल्फची काठी आपल्या हाती कधी येवो न येवो, हा हिशेब आपण जवळ ठेवू या. फळ आपल्या मुठीत नाही. जगातल्या उत्तम खेळाडूच्याही नाही. सराव मुठीत आहे, आपले माप मुठीत आहे, रीत मुठीत आहे, आणि चुकल्यावर पुढच्या चेंडूपाशी जाणे मुठीत आहे. उद्या वर्गात जो मुलगा खडू धरून गप्प उभा राहील, त्याला यातले पहिले तीन फूट देता आले तर पाहा.